बॉनेटखालचा पसारा

गाडीचं बॉनेट उघडून इंजिनाची वेणीफणी करणाऱ्या मंडळींबद्दल मला आज जरा स्पष्ट बोलायचं आहे. गाडी बाहेरून धुवा, पुसा, दसऱ्याला हार घाला. माझी ना नाही. पण आतला पसारा 'आवरायचा' हे खूळ काढलं कुणी?

माझ्याकडे अजून जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतला तिचा टॅक्सीचा संसार 2023 साली आटोपला, माझ्या दारात मात्र ती नांदते आहे. 1089 सीसीचं इंजिन आणि भोवती ऐसपैस जागा. या ऐसपैसपणानेच घात केला. मे महिन्यात भाचा आला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मामा, हा तर माळा झालाय!" आमच्या खऱ्या माळ्यावर सौभाग्यवतींचा पंधरा वर्षं डोळा. त्या लगेच म्हणाल्या, "बघ बाबा, तुझं तरी ऐकतात का!"

दोन दिवसांनी पाहतो तो काय, आत चकचकाट! तेलाचा काळा थर गायब, प्लगच्या चारही वायरी एका रिबिनीत गच्च आवळलेल्या, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात 'फालतू' वस्तू.

सोमवारी आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी सातला किल्ली फिरवली. गाडी कण्हली, डॅशबोर्डामागून धूर आला, आणि चोकच्या दांडीने असा चटका दिला की आक्कादेखत तोंडातून नको तो शब्द गेला. आक्का मुकाट्याने रिक्षात जाऊन बसली. साठ वर्षांत ती माझ्यावर रागावली नव्हती.

दुपारी मिस्त्रीने त्या खोक्यातून एक मळकी, विणलेली पट्टी उचलली. "साहेब, ही इंजिनाची अर्थ." इंजिन बसतं रबरी गुटक्यांवर. बॉडीशी त्याचं विजेचं नातं काय ते या पट्टीचं. ती काढली की स्टार्टरचा एवढा मोठा करंट परतीची वाट शोधत चोकच्या केबलमधून निघतो, आणि ती बिचारी भाजून निघते. मग त्याने रिबीन सोडली. वायरी खेटून बांधल्या तर एकीची ठिणगी दुसरीत उडी मारते; 1-3-4-2 अशा ठरलेल्या क्रमाने पंगत वाढायची, तिथे भलत्याच ताटात भात पडतो.

"आणि तेलाचा थर?"

"गळती कुठं आहे ते त्याच्यावरनंच कळायचं. इंजिन एवढं चमकवतो तो गाडी विकणारा."

आता न्यायाचं बोललं पाहिजे. इंजिन पुसून चार दिवस लक्ष ठेवलं तर नवा ओघळ लवकर सापडतो, हे मान्य. खोक्यात जुन्या म्युझिकल हॉर्नची मेलेली वायर होती आणि तेलकट बोळा होता. बोळा तापल्या इंजिनाजवळ ठेवणं हा माझाच गाढवपणा. ते जायलाच हवं होतं. पण काय काढायचं हे ज्याला कळतं त्याने काढावं. जे कुरूप दिसतं ते निकामी, हा कुठला न्याय? नव्या गाड्यांत तर इंजिनावर प्लास्टिकचं झाकणच असतं. आवाज दबतो म्हणतात. दबत असेल, त्याखाली उंदीरही निवांत वायरी कुरतडतात.

आक्काला आता लख्ख दिसतं. परवा गाडीत बसताना तिने आधी बॉनेट उघडायला लावलं आणि पट्टी जागेवर असल्याची खात्री करून घेतली. मिस्त्री बजावून गेलाय, पट्टीच्या टोकांना रंग लागता कामा नये, करंट अडतो.

कालच भाच्याचा फोन आला होता. "मामा, त्या पट्टीला निदान चंदेरी रंग देऊ का?"