मोठा जिताडा आणि आपली हौस

परवा एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाईलवर फोटो पाठवला. रेवदंड्याला, कुंडलिकेची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला, भर पावसात हा पठ्ठ्या छातीशी भला मोठा जिताडा धरून उभा. खाली लिहिले होते, "सर, वजन ओळखा." मी सवयीने उत्तर दिले, "अकरा-बारा किलो. शाब्बास!" आणि मग तो 'शाब्बास' दोन दिवस माझ्याच घशात काट्यासारखा अडकून बसला.

मी चाळीस वर्षे गरवतो आहे. पोटासाठी नाही, निव्वळ हौस. नोकरीत असताना शाळा सुटली की तंगूस, गरी आणि डब्यात जिवंत कोळंबी घेऊन खाडीवर जायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मला एका म्हाताऱ्या कोळ्याने शिकवले. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार, शिसे तळाला ठरत नाही. हे सगळे मी हौसेने शिकलो. पण ज्याला पकडायचे, त्या माशाबद्दल मात्र फार उशिरा वाचले.

जिताड्याची गंमत अशी की तो आधी नर असतो आणि पुढे काही वर्षांनी त्याचीच मादी होते. तीन-चार किलोंचा जिताडा बहुतेक नर. आठ-दहा किलोंच्या पुढचा, फोटो काढण्याजोगा, तो जवळजवळ नक्की मादी. एरवी ती खाडीत, अगदी गोड्या पाण्यातही राहते, पण अंडी घालायला पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी येते. अंडी लाखांनी असतात. आमच्या खारेपाटातल्या तळ्यांत जी जिताड्याची पिल्ले आणून सोडतात, ती खाडीतून येतात ती याच आयांची.

आता हिशेब पाहा. १ जूनपासून निदान ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून जाळी विणत बसतात. त्यांचे पोट त्यावर, तरी ते थांबतात. आणि आपण हौशी मंडळी? काठावरून गरी टाकणाऱ्याला ती बंदी लागू नाही, म्हणून नेमक्या त्याच दिवसांत, नेमक्या त्याच मुखाशी आपण उभे! २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवले, ते चांगलेच झाले. पण किमान आकाराचा नियम लहानांना वाचवतो. मोठ्या मादीला वाचवायचे ते आपल्या अकलेनेच.

कोणी म्हणेल, "सर, ट्रॉलर टनावारी उपसतात, माझ्या एका गरीने काय बिघडते?" वर्गात कागदाचा बोळा टाकणारा प्रत्येक मुलगा मला हेच सांगायचा. शिवाय जाळ्यात काय येईल ते जाळे निवडत नाही. हातातला मासा ठेवायचा की सोडायचा, हे मी निवडू शकतो.

दुसरे म्हणतील, "सोडायचाच तर गरवायचे कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, आणि याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. गरी लागलेल्या माशाला त्रास होतोच. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. आषाढ-श्रावणात खाडीच्या मुखाशी गरवूच नये. एरवी घरापुरता मध्यम मासा जरूर आणावा, मीही आणतो. आणि मोठी मादी लागलीच, तर हात ओले करून, कल्ल्यांत बोटे न घालता, पाण्यातच गरी काढून तिला जाऊ द्यावे. फोटो नसला म्हणून काय बिघडले?

हे सांगायचा मला अधिकार आहे का? माझ्या ओटीवर १९८९ चा एक फोटो टांगलेला आहे. मी, माझा जिताडा, आणि भोवती कौतुकाने जमलेली आळी. आषाढच होता, गटारीच्या आदल्या दिवशीचा. त्या रात्री गाभोळी तळली, शेजारी चार घरी वाटली. केवढी निघाली म्हणून आम्ही सगळे खूश होतो. काय वाटतो आहोत, हे कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही नाही.

तो फोटो मी काढून टाकलेला नाही. कोणी विचारले की आता वजन सांगत नाही, ही गोष्ट सांगतो.

त्या विद्यार्थ्यालाही काल फोन केला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, हे आधी का नाही सांगितलेत?" खरे आहे. शाळेत असताना मलाच कुठे माहीत होते? म्हणून आता लिहितो आहे.