तिसऱ्या पिनचं काय?

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं 'मिक्स' आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र सांभाळून घेण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं घर गोंदियाला. तलावांचा जिल्हा! नवेगावबांधचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल. आमच्याकडे मासा म्हटलं की लोकांना आधी तलाव आठवतो आणि मग ताट. आमच्या हॉलमध्ये मात्र मासा म्हणजे तीन फुटी काचेची टाकी आणि त्यात छोट्या भावाचे लाडके एंजलफिश. विदर्भात थंडी पडली की गोंदियाचं नाव हमखास पेपरात येतं. एंजलफिशला २४ ते २८ अंश पाणी लागतं. म्हणून टाकीत काचेच्या नळीचा हीटर, शिवाय फिल्टरचा पंप आणि वर ट्यूबलाइट. या सगळ्यांना मिळून एकच एक्स्टेंशन बोर्ड.

हिवाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तर मम्मी म्हणाली, "टाकीत हात घातला की मुंग्या येतात गं." पप्पांनी उपायही शोधून ठेवला होता, "चप्पल घालून हात घालायचा. काही नाही होत." आणि भावाचा मुद्दा तर बिनतोड, "ताई, करंट असता तर मासे नसते का मेले?"

नसते मेले. हायटेन्शन तारेवर चिमणी आरामात बसते ना, तसंच. करंट वाहायला जायला वाट आणि परतायला वाट, दोन्ही लागतात. अख्खं पाणी एकाच व्होल्टेजला असेल तर आतल्या माशाला काही कळत नाही. कळतं ते बाहेरून हात घालणाऱ्याला, कारण त्याचे पाय जमिनीवर असतात. म्हणजे मासे जिवंत आहेत हा टाकी सुरक्षित असल्याचा पुरावा नाही.

मी इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी, मग मल्टिमीटर काढला. एक टोक पाण्यात आणि दुसरं लांब वायरने अंगणातल्या हातपंपाच्या पाइपला. जोडणी करताना स्विच बंद, चालू केल्यावर हात लांब. फक्त पंप आणि लाइट चालू असताना मीटरने ४६ व्होल्ट दाखवले. हीटर लावल्यावर ११० व्होल्ट!

इथे एक गंमत आहे. नुसतं मीटर फसवतं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे पंपाच्या वाइंडिंगमधून किंवा ट्यूबलाइटच्या वायरमधून कपॅसिटन्सने पोहोचणारं फुसकं व्होल्टेजही ते मोठं करून दाखवतं. म्हणून मीटरला समांतर १० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर लावला. पंप-लाइटचे ४६ व्होल्ट जवळपास शून्यावर आले. म्हणजे ते भूतच होतं. हीटरचे ११० मात्र ८८ वरच थांबले. म्हणजे रेझिस्टरमधून ८.८ मिलिअँपिअर खरा करंट जात होता. हीटरच्या काचेला बारीक तडा गेला होता आणि गळती खरी होती.

आता हिशोब करा. ११० चे ८८ झाले, म्हणजे गळतीच्या वाटेत साधारण अडीच किलोओहम. ओल्या हाताच्या माणसाचे दीड किलोओहम धरा. ११० भागिले ४ किलोओहम, म्हणजे सुमारे २७ मिलिअँपिअर. दहाच्या आसपास गेलं की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. मम्मीला फक्त मुंग्या आल्या, कारण फरशी कोरडी होती. एक हात टाकीत आणि दुसरा नळावर असता, किंवा भाऊ ओल्या फरशीवर अनवाणी असता तर? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

हीटर फेकला. पण माझा खरा राग हीटरवर नाही. काच आज ना उद्या तडकणारच. राग आहे तो तिसऱ्या पिनवर. बोर्डाच्या प्लगची जाड पिन कुणीतरी तोडली होती, कारण ती दोन भोकांच्या सॉकेटमध्ये जात नव्हती. भिंतीतलं सॉकेट उघडलं तर हिरवी वायर मागे गुंडाळून ठेवलेली, कशालाच न जोडता. आणि अर्थिंगचा खड्डा? तो पार्किंगच्या टाइल्सखाली! मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप उन्हाळ्यात पाणी मागतो, कारण माती सुकली की तिचा रोध वाढतो. आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा कूलरला रोज पाणी, तुळशीला रोज पाणी, पण अर्थिंगला कुणी तांब्याभर पाणी घालत नाही. ज्या जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथल्या घरात हिरवी वायर गुंडाळलेली! वीज पाहिजे, पण तिची परतीची वाट नको.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने सुचवलं, "टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब टाका, झिणझिण्या बंद." याबद्दल शौकिनांमध्ये बराच वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे: नुसता प्रोब टाकणं म्हणजे ताप उतरवून रोग लपवणं. आमच्या टाकीत प्रोब असता तर त्यातून सुमारे ४४ मिलिअँपिअर सतत वाहत राहिले असते, तेही माशांच्या पाण्यातून. ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागला नसता. उलट नुसती आरसीसीबी लावली तर ती गळती ओळखते, पण करंटला वाट मिळेपर्यंत थांबते. ती वाट म्हणजे कुणाचा तरी हात! म्हणून आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, मग जिवंत अर्थिंग आणि त्यानंतर हवा तर प्रोब. असं केलं की तडा जाताच सप्लाय तुटतो, हात घालायच्या आधीच. आणि काहीही लावलं तरी पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढायचे. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे ओघळणारं पाणी खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

तुम्ही म्हणाल, होस्टेलवर कुठे आहेत मासे? मासे नाहीत, पण बादल्या आहेत. बादलीत इमर्शन रॉड, रॉडला तिसरी पिन तुटलेला प्लग, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन, आणि सकाळी आठच्या लेक्चरच्या घाईत रॉड चालू असतानाच "पाणी तापलं का?" म्हणून बोट घालून बघणारे आपण. माझ्या घरची टाकी आणि आपली बादली यांत फरक एवढाच, की टाकीत मासे आहेत.

दोष फक्त प्रशासनाचा नाही. पिन आपणच तोडतो. म्हणून प्रत्येक विंगने आपले प्लग तपासावेत. रेक्टर सरांना विनंती, की आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबलं जावं आणि एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी पडावं. अर्थ रेझिस्टन्स मोजायचं काम तर आमची ब्रांच प्रॅक्टिकल म्हणून आनंदाने करेल. जर्नलमध्ये जुन्या रीडिंग उतरवण्यापेक्षा ते बरं!

गोंदियाचे एंजलफिश मजेत आहेत. भाऊ आता दर महिन्याच्या एक तारखेला टेस्ट बटण दाबतो आणि घरभर अंधार झाला की टाळ्या वाजवतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. शॉक लागल्यावर अर्थिंगचा खड्डा खणण्यातही काही 'अर्थ' नाही. बघा, पटतंय का!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी