यादीबाहेरची वाडी

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळगडाच्या उतारावर वसलेली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ठाकर बांधवांच्या या वाडीला रस्ता नव्हता. मदतपथके भर पावसात डोंगर चढून गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि अखेर शोधकार्य थांबवावे लागले. आधीच्या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. २०१४ साली माळीण आणि २०२१ साली तळिये गमावल्यानंतरही आपण यादीवरच विसंबून होतो, याचा हा कबुलीजबाब होय.

यादी एकदा तयार झाली की कपाटात जाते. डोंगराची अवस्था मात्र पावसागणिक पालटते. मुरलेले पाणी मातीच्या कणांमधील पोकळ्या भरते, तेथील दाब वाढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि भिजून जड झालेला थर खडकावरून घसरतो. हीच क्रिया संगणकीय प्रतिमाने आकड्यांत मांडतात. त्यांतील एक मार्ग अनुभवसिद्ध आहे. १९८० साली नेल केन यांनी जगभरातील ७३ घटनांवरून किती तास किती तीव्रतेचा पाऊस झाला तर दरड कोसळू शकते, याची किमान मर्यादा काढली. अनेक इशारा-यंत्रणा आजही त्याच धर्तीवर बेतलेल्या आहेत. दुसरा मार्ग भौतिकशास्त्राचा. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचे ‘ट्रिगर्स’ हे प्रतिमान उताराचे लहान लहान चौकोन पाडते आणि पाऊस मुरत असताना प्रत्येक चौकोनाचा तोल केव्हा ढळेल, याचे गणित करते. त्यासाठी मातीच्या थराची जाडी हवी, पाणी झिरपण्याचा वेग हवा आणि सर्वांत आधी त्याच उतारावर पडलेला पाऊस हवा. सह्याद्रीत घाटमाथ्यावरचा पाऊस आणि चार-पाच कोसांवरचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. महसूल मंडळाच्या ठिकाणी बसवलेल्या पर्जन्यमापकावरून कड्याखालच्या वाडीचे भवितव्य कसे कळावे?

इर्शाळवाडीच्या दुर्घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र कोलकात्यात सुरू झाले. उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु त्यानंतर अकराच दिवसांनी वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला येथे शेकडो माणसे गेली. तेथील ह्यूम सेंटर या संस्थेचे स्थानिक पर्जन्यमापकांचे जाळे आहे. दोन दिवसांतील पाऊस धोक्याच्या पातळीकडे जात असल्याचे आदल्या दिवशी सकाळीच प्रशासनाला कळवले होते, असे या संस्थेने सांगितले. म्हणजे साध्या मापकांनी आणि साध्या बेरजेने काही तासांची सवड हाती येऊ शकते. त्या तासांत कोणी काय करायचे, हे आधी ठरलेले असेल तरच तिचा उपयोग.

येथे खरी अडचण आहे, आणि ती संगणकाच्या पलीकडची आहे. प्रतिमान चुकते, अनेकदा इशारा मिळतो आणि डोंगर जागच्या जागी राहतो. ऐन आवणीच्या दिवसांत गुरे दावणीला सोडून, लेकरे काखेत घेऊन जे वनवासी कुटुंब दोनदा व्यर्थ खाली उतरले, ते तिसऱ्यांदा उतरायला तयार होईल का? त्या कुटुंबाला हट्टी म्हणणे सोपे आहे. मुंबईच्या मंत्रालयात बसून तर फारच सोपे. गुरांसाठी खाली गोठा, माणसांसाठी कोरडी जागा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई यांची तरतूद केली, तर फुकट गेलेल्या इशाऱ्याचा भार एकट्या वाडीवर पडणार नाही.

माळीण गाव दिसत नाही, ही वार्ता २०१४ साली बाहेर पोचली ती एका एसटी चालकामुळे. यंत्रणेला ती ठाऊकच नव्हती. कड्याखालच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक बसवावा, त्याची नोंद ठेवायला तेथीलच दोन तरुण नेमावेत, किती मिलिमीटरला वाडी रिकामी करायची तो आकडा तहसीलदारांनी ग्रामसभेत आधीच जाहीर करावा आणि त्या रात्री खालच्या शाळेची किल्ली कोणाकडे असेल हेही त्याच सभेत ठरावे. हे सारे मे महिन्यात उरकता येते.