ध्वनी, पाणी आणि हिशेब

विज्ञानाची एखादी वार्ता वाचण्याच्या दोन रीती आहेत. ती चमत्कार म्हणून वाचता येते, आणि हिशेब म्हणूनही वाचता येते. पहिल्या रीतीने वाचणारा तोंडात बोट घालतो व पान उलटतो. दुसऱ्या रीतीने वाचणारा हाती पेन्सिल घेतो. आपल्या शाळांतून व घरांतून पहिल्या रीतीचे वाचन उदंड होते, दुसरीचे मात्र फारच थोडे. हे उणे केवळ परीक्षेतील गुणांपुरते नाही. उद्या जे नागरिक होणार, त्यांच्या विवेकाशीच त्याचा संबंध आहे, असे माझे मत आहे. हे मत एका उदाहरणाच्या आधारे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या आर. एम. आय. टी. विद्यापीठातून एक वार्ता प्रसृत झाली. अमगाद रेझ्क, लेस्ली यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वायू मिळविताना त्या पाण्यातून ध्वनिलहरीही खेळविल्या, आणि तेवढ्यानेच हायड्रोजन सुमारे १४ पट वेगाने निघू लागला. वार्ता खरी आहे. परंतु तिच्यातील १४ हा आकडा वाचून जो थांबला, त्याच्या पदरी अर्धेच सत्य पडले.

प्रथम, हायड्रोजनची एवढी मातबरी का, ते पाहू. हा वायू जळला की त्यापासून धूर निघत नाही, पाण्याची वाफ निघते. त्याहून मोठे काम तो शेतीसाठी करतो. हवेतील नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवून अमोनिया, व अमोनियापासून युरिया तयार होतो. गोव्यातील झुआरीनगरच्या खत कारखान्याने आधी नॅफ्थापासून व पुढे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन मिळविला. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व दगडी कोळसा यांपासूनच निघतो. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायॉक्साइड आकाशात जातो. जो वायू स्वतः इतका निर्मळ, त्याचे जन्मस्थान असे मलिन आहे. म्हणूनच तो पाण्यापासून मिळवावा, ही धडपड.

ही धडपड नवी नाही. इ. स. १८०० मध्ये व्होल्टाने विद्युत्घटाची रचना कळविताच त्याच वर्षी लंडनमध्ये निकोल्सन व कार्लाइल या दोघांनी विजेच्या योगे पाणी विघटित करून दाखविले. आपल्या देशात पंजाबमधील नंगलच्या खत कारखान्याने १९६०च्या दशकात भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर असाच हायड्रोजन मोठ्या प्रमाणावर काढला. पुढे विजेची टंचाई भासू लागली आणि ती पद्धत मागे पडली. या इतिहासाचे तात्पर्य एवढेच की, पाणी विपुल आहे, रीतही ठाऊक आहे. अडचण आहे ती विजेच्या खर्चाची.

हा खर्च वाढतो कशाने? पाण्यात दोन विद्युदग्रे बुडवून वीज सोडली की, एकाशी हायड्रोजनचे व दुसऱ्याशी प्राणवायूचे बुडबुडे उठतात. ते लगोलग वर येतील तर बरे; पण पुष्कळसे विद्युदग्राला चिकटून बसतात. जेथे बुडबुडा, तेथे पाण्याचा स्पर्श नाही. आणि जेथे स्पर्श नाही, तेथे कार्य नाही. दुसरा अडथळा डोळ्यांना न दिसणारा आहे. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून उभे असतात, आणि विद्युदग्राजवळ तर त्यांची जणू कडेकोट रांगच लागलेली असते. आम्ल किंवा आम्लारी घातली म्हणजे काम सुकर होते. उदासीन पाण्यात मात्र ते फार रेंगाळते.

या ठिकाणी ध्वनी उपयोगी पडला. आपल्या घुमटाच्या चामड्यावर तांदळाचे चार दाणे ठेवून थाप मारा. दाणे जागच्या जागी बसून राहत नाहीत, उडू लागतात. मेलबर्नच्या प्रयोगातील ध्वनी याच जातीचा, परंतु मनुष्याच्या कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी पलीकडचा. आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. या लहरींची कंपने सेकंदाला १ कोटी होती. त्यांनी बुडबुडे झाडून टाकले, विद्युदग्रापाशी ताजे पाणी पोहोचते ठेवले, आणि रेणूंची ती रांगही विस्कळीत केली. ध्वनीने हायड्रोजन निर्माण केला नाही. त्याच्या वाटेतील अडथळे दूर केले. हे वाक्य विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावे.

आता पेन्सिल हाती घेऊ. मायकेल फॅरडे याने १८३०च्या दशकात जो नियम सांगितला, त्याप्रमाणे ठरावीक विद्युत्भाराने ठरावीकच हायड्रोजन निघतो. तेव्हा हायड्रोजन १४ पट निघाला याचा अर्थ विद्युत्प्रवाहही १४ पट वाहिला. फुकट काहीच मिळाले नाही. मग लाभ कोणता? लाभ असा की, तेवढाच प्रवाह वाहविण्यासाठी आता विजेचा दाब कमी पुरतो. दाब कमी म्हणजे खर्च कमी. हा लाभ मोजून, त्यातून ध्वनी उत्पन्न करण्यासाठी लागलेली ऊर्जा वजा घालून, संशोधकांनी निव्वळ बचतीचा आकडा दिला, तो २७ टक्के. एकाच वार्तेत दोन आकडे: १४ पट हा वेगाचा आणि २७ टक्के हा काटकसरीचा. पहिला आकडा दिपवितो, दुसरा कामाचा आहे.

दुसराही डोळे मिटून घेऊ नये. १ किलो हायड्रोजन पाण्यापासून सोडविण्यास निदान सुमारे ३९ युनिट ऊर्जा द्यावीच लागते. तो निसर्गाचा कर आहे, व त्यात सूट नाही. आजच्या कारखान्यांतील यंत्रे त्यासाठी ५० ते ५५ युनिट वीज घेतात. समजा ५२ घेतली आणि तीत २७ टक्के बचत झाली, तर उरतात ३८. म्हणजे निसर्गाच्या करापेक्षाही कमी! बाहेरून उष्णता पुरविल्यावाचून हे घडणे नाही. याचा अर्थ संशोधक खोटे बोलले असा नव्हे. त्यांची बचत प्रयोगशाळेतील उदासीन द्रावणाच्या तुलनेने आहे. तीव्र आम्लारी वापरणाऱ्या कारखान्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चुलीची रचना सुधारली तर पेजेला सरपण कमी लागते, हे प्रत्येक गृहिणी जाणते; पण सरपणावाचून पेज शिजत नाही, हेही तीच जाणते.

मग हे संशोधन सामान्य म्हणावे काय? मुळीच नाही. त्याचे मोल अन्यत्र आहे. तीव्र आम्लयुक्त यंत्रांत प्लॅटिनम व इरिडियम या मौल्यवान धातूंची गरज पडते, आणि इरिडियम तर साऱ्या जगात वर्षाला अवघे ७-८ टन निघते. उदासीन पाण्यातच काम भागू लागले, तर दाहक द्रव नको, आणि धातूही चांदीसारखा स्वस्त चालेल, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. प्रयोगशाळेतील इवल्या पात्रातून कारखान्याच्या हौदापर्यंतची वाट लांब आहे खरी, पण ती चालण्याजोगी आहे. चमत्कार म्हणून वाचणाऱ्याला नेमका हाच लाभ दिसत नाही. तो १४ या आकड्याशीच अडून बसतो.

आणि अडून बसण्याची किंमत किती जबर असते, तेही इतिहासात नमूद आहे. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरी जॉन कीली नावाच्या गृहस्थाने पाणी व ध्वनी यांच्या संयोगातून अपार शक्ती मिळते, असा दावा केला. व्हायोलिनचा किंवा स्वरकाट्याचा सूर लागताच त्याची यंत्रे फिरू लागत. धनिकांनी त्याच्या कंपनीत पैसा ओतला. मात्र यंत्राचे अंतरंग व शक्तीचा जमाखर्च त्याने अखेरपर्यंत उघड केला नाही. १८९८ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याच्या जागेची तपासणी झाली, तेव्हा तळघरात सुमारे तीन टनांचा पोलादी गोल सापडला. दाबलेली हवा साठवून यंत्रे चालविण्याची ती सोय होती, असा तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला. पाणी तेच, ध्वनीही तोच. मेलबर्नच्या संशोधकांनी आपली कृती, मोजमापे व बचत जगापुढे मांडली, कोणीही ती पडताळून पाहावी म्हणून. कीलीने तळघर झाकून ठेवले. शास्त्र आणि भोंदूगिरी यांतील भेद दाव्याच्या आकारात नसतो, तो हिशेबाच्या उघडेपणात असतो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, कोवळ्या वयात मुलांना विस्मय द्यावा, हिशेब पुढे येईलच. आरंभीच आकडेमोड मागितली तर विस्मय मरून जातो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. विस्मयावाचून जिज्ञासा नाही. परंतु माझा अनुभव निराळा आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञान हा माझा शिकविण्याचा विषय नव्हे. तरीही निसर्गाच्या त्या ३९ युनिटांपुढे सेकंदाला एक कोटी कंपनेसुद्धा नमतात, हे उमगले तेव्हा मला वाटलेले आश्चर्य १४ पटींच्या आश्चर्याहून खोल होते. हिशेबाने विस्मय मरत नाही. भाबडेपणा तेवढा मरतो.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मान्यता दिली व तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. हा पैसा जनतेचा आहे. त्याच्या विनियोगासंबंधी अनेक प्रकारचे दावे पुढे येतील. काही मेलबर्नच्या जातीचे, काही फिलाडेल्फियाच्या. त्यांतील भेद ओळखण्यास प्रत्येकाने शास्त्रज्ञच व्हावे लागते असे नाही. तीन प्रश्न पुरतात: किती ऊर्जा घातली? किती मिळाली? कशाच्या तुलनेने? विद्यार्थिमित्रहो, हे तीन प्रश्न तुमच्या मातृभाषेत विचारण्यास तुम्हांला कोणाची अनुज्ञा नको. ते निर्भयपणे विचारा. उत्तर देणारा प्रामाणिक असेल तर त्याला आनंदच होईल. आणि जो रागावेल, त्याचे तळघर एकदा पाहून घ्या.