हप्ते प्रवाशांचे, नियम कुणाचे?

डोंबिवली किंवा दिव्याच्या फलाटावर सकाळच्या लोकलमध्ये शिरण्यासाठी झगडणाऱ्या प्रवाशाला जागतिक वित्तसंस्थांतील मतांची वाटणी हा दूरचा विषय वाटेल. प्रत्यक्षात तो त्याच्या पासाशी जोडलेला आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी, म्हणजेच एमयूटीपीसाठी, जागतिक बँकेने २००२ मध्ये ५४.२ कोटी आणि २०१० मध्ये दुसऱ्या टप्प्याला ४३ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून नव्या गाड्या आल्या, डीसी वीजप्रणालीच्या जागी एसी प्रणाली आली. तिसऱ्या टप्प्यासाठी ऑगस्ट २०२० मध्ये बीजिंगस्थित आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेशी ५० कोटी डॉलरचा करार झाला. या प्रकल्पासाठी तिकीट आणि पासावर अधिभारही घेतला जातो. जो परतफेडीचा भार उचलतो, त्याच्या देशाला कर्जाचे नियम ठरवताना पुरेसा आवाज हवा.

या मागणीला इतिहासाचा आधार आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती ब्रिटिश भांडवलाला पाच टक्के परताव्याची हमी देऊन. हमीचा बोजा भारतीय महसुलावर होता आणि करार करताना भारतीयांना कुणी विचारले नव्हते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया घालणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत पारतंत्र्यातल्या भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. अविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हेही नाणेनिधीचे उद्दिष्ट असावे, असा आग्रह या शिष्टमंडळाने धरला. ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही जगाच्या सुमारे एक षष्ठांश लोकसंख्येचा भारत जागतिक बँकेत तीन टक्क्यांच्या आसपास मतांवर आहे; अमेरिकेकडे सुमारे सोळा टक्के आहेत. बँकेच्या घटनादुरुस्तीला ८५ टक्के मते लागत असल्याने अमेरिकेच्या नकारापुढे ती अडते.

यावर कुणी म्हणेल, विकसनशील देशांनी आपली वेगळी बँक काढली, तेवढे पुरे. आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत भारत दुसरा मोठा भागधारक आहे आणि गलवानमधील भारत-चीन संघर्षानंतर सुमारे दोन महिन्यांत तिचा करार होऊ शकला, हे बहुपक्षीय संस्थेचे बळच मानावे लागेल. पण तेथे चीनकडे सुमारे २६ टक्के मते आहेत आणि मोठ्या निर्णयांना ७५ टक्के लागतात. नकाराधिकार एका राजधानीतून दुसरीकडे गेला, एवढाच फरक. दुसरा आक्षेप परकीय अटींचा. त्या सार्वभौमत्वाला बाधक असतात, हे सरसकट खरे नाही. २००४ मध्ये कुर्ल्यातील दुकानदारांनी एमयूटीपीतील पुनर्वसनाची तक्रार थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे नेली. चौकशी झाली आणि २००६ मध्ये रस्ते व पुनर्वसनाच्या कामांचा निधी बँकेने काही महिने रोखला. आपल्या यंत्रणेने न ऐकलेली गाऱ्हाणी त्या अटींमुळे ऐकली गेली. अट कुणी घातली यापेक्षा ती ठरवताना कोण बसले होते आणि तिचे संरक्षण कुणाला मिळाले, हे महत्त्वाचे.

म्हणून दिल्लीने मतांच्या फेरवाटपाचा आग्रह सोडू नये. श्रीमंत देशांनीही त्याकडे उपकार म्हणून पाहू नये. मात्र बाहेर हक्क मागणाऱ्याने घरातही चोख राहिले पाहिजे. कल्याणकरांना ठाण्यात गाडी न बदलता नवी मुंबई गाठता यावी यासाठी आखलेला ऐरोली-कळवा उन्नत मार्ग कळव्यातील पुनर्वसनापाशी वर्षानुवर्षे अडला. त्याचा दोष वॉशिंग्टनवर किंवा बीजिंगवर ढकलता येणार नाही. राज्य सरकार, रेल्वे आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली महापालिकांनी प्रत्येक कर्जाच्या अटी, खर्च आणि पुनर्वसनाची स्थिती मराठीतून लोकांपुढे ठेवावी. कर्ज फेडणाऱ्या प्रवाशाला हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि तो त्याने मागितलाच पाहिजे.