धुराड्याची ओढ आणि घरातला खोकला

मागे पन्नाशीच्या एक बाई जुना खोकला घेऊन दवाखान्यात आल्या. विडी-तंबाखूचे व्यसन नाही, थुंकी तपासली तर क्षयही नाही. औषधाने चार दिवस बरे वाटे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी विचारले, "बाई, चूल पेटवता का?" म्हणाल्या, "गॅस आहे, पण भाकरी अन् आंघोळीचं पाणी चुलीवरच. धुराडं आहे, पण धूर काही वर जात नाही."

अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. १९८३ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमातून धुराड्याच्या सुधारित चुली गावोगाव बसवल्या गेल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला. तरीही टाकी महाग आणि सरपण घरचे, म्हणून चूल चालूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा प्रदूषणाने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. श्वासनलिकांचा कायमचा विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे.

धूर कोंडला की आपण फुंकणी उचलतो आणि धुराड्याला नावे ठेवतो. दोष बहुतेक वेळा साधा असतो. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि मागून चुलीत ताजी हवा ओढून घेते. ही ओढ कुठे तुटते, ते पाहावे.

पेटत्या चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत गेला तर ओढ ठीक. बाहेर आला तर पुढील गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट काजळी. ओल्या लाकडाच्या धुराने नळी आतून अरुंद होते. चूल पूर्ण थंड झाल्यावर, तोंडाला फडके बांधून, दोरीला गोणपाटाचा बोळा व वजन बांधून वरून खाली फिरवावे. रोज चूल पेटत असेल तर हे महिन्यातून एकदा करावे. वर पाखरांनी घरटे केले आहे का, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट उंची. धुराड्याचे तोंड आढ्याच्या वर निदान दोन फूट असावे, नाहीतर वारा धूर उलटा ढकलतो. नळीला काटकोनी वळणे नकोत.

तिसरी गोष्ट फटी. भांडे वैलावर नीट बसत नसेल किंवा चुलीला तडा असेल तर ओढ तिथूनच फुकट जाते. मातीने लिंपून घ्यावे. आतली राख रोज काढावी.

चौथी गोष्ट हवा. दारे-खिडक्या बंद असतील तर चुलीला हवा मिळत नाही. नव्या स्लॅबच्या घरात हवा बाहेर टाकणारा पंखा लावला असेल, तर तोच धुराड्यातला धूर खाली ओढतो. चूल पेटली असताना पंखा बंद ठेवून खिडकी उघडावी.

सरपण उन्हात वाळवून पावसाआधी आडोशाला रचावे. गारठ्याच्या सकाळी आधी मूठभर वाळला पाचोळा जाळून नळी तापवावी, मग लाकडे लावावीत.

एक धोक्याची सूचना. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नये.

आता थोडे स्पष्ट बोलतो. धूर सोसते घरातली बाई, आणि छपरावर चढण्याचे काम असते पुरुषाचे. म्हणून ते राहून जाते. मोटारसायकलचे ऑईल वेळेवर बदलणाऱ्या गृहस्थाने धुराड्यासाठी महिन्यातला एक तास काढायला काय हरकत आहे? त्या बाईंच्या मुलाने धुराडे उतरवले तेव्हा आतून पाटीभर काजळी निघाली. औषधे अजून चालू आहेत, कारण वर्षानुवर्षांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. पण त्यांच्या सुनेला तरी तो खोकला लागू नये.