गरिबाघरचे पक्वान्न

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत पासपोर्टाशेजारी चिवड्याचा डबा असतोच. आमच्याही होता. गेल्या सप्टेंबरात स्लोव्हेनियातल्या बोहीन तळ्याकाठी उतरलो, तेव्हा सौ.ने आधी डबा चाचपला आणि मग तळ्याकडे पाहिले.

तळे मात्र पाहतच राहावे असे! चार किलोमीटरांहून थोडे अधिक लांब, 45 मीटर खोल, आणि भोवती जुलियन आल्प्सचे कडे. देशाच्या झेंड्यावर मिरवणारा 2864 मीटरांचा त्रिग्लाव याच डोंगररांगेतला.

उतरलो होतो त्या घरच्या आजींनी दुपारी 'झ्गान्त्सी' वाढले. उकळत्या खारट पाण्यात कुट्टूचे पीठ लोटायचे, मधोमध भोक पाडून ते शिजू द्यायचे, मग पाणी काढून काट्याने मोकळे करायचे. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. आम्हां शाकाहाऱ्यांना त्याऐवजी वाडगाभर आंबट दही मिळाले.

"अहो, ही तर आपली मोकळ भाजणी!" सौ. म्हणाली, आणि चिवडा विसरली. शेजारच्या 'मोहांत' चीजच्या उग्र वासाने मात्र तिने नाकाला पदर लावला.

आजी सांगत होत्या आणि त्यांची नात इंग्रजीत समजावत होती. इथला उन्हाळा तोकडा. पहिले पीक निघाले की त्याच शेतात कुट्टू पेरायचा. थंडीपूर्वी तो हाती लागतो. गुरे उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत असतात, तिथेच चीज होते. कुट्टू हे गरिबांचे अन्न. म्हणूनच ते पाहुण्यांना आधी वाढायचे.

"तुमच्याकडे गरीब काय खातात?" आजींनी विचारले.

"नाचणीची भाकरी."

"मग तीच पाहुण्यांना वाढत असाल?"

मी खाली मान घालून जेवत राहिलो. पूर्वी एकदा आमचे साहेब जेवायला यायचे होते. आईने हौसेने नाचणीच्या भाकऱ्या थापल्या होत्या. "त्या आत ठेव, पोळ्या कर," मी म्हणालो. तिने काही न बोलता टोपली उचलली. पुन्हा कोणी पाहुणा आला, तरी तिने भाकरी केली नाही.

निघताना चिवड्याचा डबा आजींच्या हाती दिला. येत्या भाऊबीजेला बहीण येईल, तेव्हा ताटात श्रीखंडाशेजारी नाचणीची भाकरी असेल. थापायला आई मात्र नसेल.